कंदिलाची दोरी

बाबा म्हणायचे, पेव उघडलं की आधी त्याचा दम निघू द्यावा लागतो. एक दिवस आणि एक रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील लांब दोरीला बांधून थेट तळापर्यंत सोडायचा, शंभर मोजायचे, आणि कंदील जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. विझला तर आणखी एक दिवस थांबायचं. का, म्हणून विचारलं की ते म्हणायचे, "पेवाचा दम असते तो. वर्षभर कोंडून राह्यला. त्याले जाऊ द्या लागते." याच्यापुढे त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं, आणि ज्यांच्यापाशी उत्तर नाही अशा माणसांचा मला त्या वयात फार राग यायचा.

आमचं गाव नांदुऱ्यापासून दोन कोसांवर. घरामागच्या पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, आमचं पेव होतं. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: जमिनीत खोल खणलेला, घागरीच्या आकाराचा खड्डा. पोट मोठं, गळा हातभर लांब, आणि तोंड एवढं अरुंद की सडपातळ माणूस दोन्ही हात वर करून कसाबसा आत जाईल. आतून कडबा आणि भुसा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगडी झाकण ठेवून शेणमातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नाही, कीड नाही. ज्वारी दोन-दोन वर्षं टिकायची.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं. मी नववीची परीक्षा दिलेली होती आणि निकाल यायचा होता. गावातून हायस्कूलला जाणारी मी एकटी मुलगी, आणि हे मला चांगलंच माहीत होतं. आज त्या मुलीची आठवण आली की तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. जेवताना, भांडी घासताना, वावरात तण निंदताना ती कोणाला ना कोणाला काहीतरी समजावून सांगत असायची. माय कंटाळून म्हणायची, "बस झालं वं बाई, हात चालव."

आमचे विज्ञानाचे मास्तर मात्र भले माणूस होते. शाळेत प्रयोगाचं सामान म्हणजे एक फुटकी परीक्षानळी आणि एक लोहचुंबक. म्हणून ते जवळच्या जिनातून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, सामान आणायचे. एकदा त्यांनी रुईच्या गठाणीचा एक तुकडा आणला, दगडासारखा घट्ट. म्हणाले, घन पदार्थातले कण असे दाबून बसलेले असतात. जागा सोडत नाहीत, जागच्या जागी थरथरतात फक्त. मग त्यांनी पिशवीतली सरकी परातीत ओतली, परातीतून तांब्यात ओतली. द्रवातले कण असे एकमेकांवरून घसरतात, भांडं देईल तो आकार घेतात. शेवटी त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. एका फटीतून उन्हाची तिरीप येत होती. तिच्यात त्यांनी चिमूटभर रुईची धूळ फुंकली. ती धूळ उडाली, पसरली, आमच्या केसांवर बसली, शेवटच्या बाकावरचा मुलगा शिंकला. "हा वायू," मास्तर म्हणाले. "त्याचे कण मोकळे असतात. ज्या भांड्यात ठेवाल ते भांडं तो सगळीकडून सारखं भरतो."

सगळीकडून सारखं. हे शब्द मी वहीत लिहिले आणि खाली दोनदा रेघ मारली. ती वही माझ्याकडे अजून आहे. कधी काढून बघत नाही, पण फेकूनही देववत नाही.

मला शाळेत घातलं ते मामानं. तो मायचा धाकटा भाऊ. सोनाळ्याला त्याचा भाजीपाल्याचा मळा होता, कांदा, वांगी, मिरची. सातवी झाल्यावर बाबा मला घरी बसवणार होते. त्यात त्यांचं फार चुकत होतं असं नाही, सगळेच तेव्हा तसं करायचे. पण मामा सोनाळ्याहून आला, ओसरीवर ठाण मांडून बसला आणि म्हणाला, "भाऊजी, तुमी हो म्हणसान तवाच मी चहा घेईन." बाबांनी दोन चहा थंड होऊ दिले. तिसऱ्याला हो म्हणाले. तेव्हापासून मामा मला मास्तरीणबाई म्हणायचा. आधी चिडवायला म्हणायचा, पुढे खरंच म्हणायला लागला.

तो आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मास्तरीणबाई, नवीन काय शिकून राह्यली?" एवढ्या मनापासून मला दुसऱ्या कोणी काही विचारलंच नाही कधी. त्या चैत्रात मी त्याला कणांचा प्रयोग करून दाखवला. त्याला ओसरीवर डोळे मिटून बसवलं आणि आत चुलीपाशी जाऊन हिंगाची डबी उघडली. मोठ्यानं आकडे मोजायला लागले. नवाला मामा बाहेरून ओरडला, "आला बे, आला!" मी बाहेर येऊन सांगितलं की हिंगाचे कण आपणहून चालत आले, कोणी आणले नाहीत, मोकळे झाले की ते थांबत नाहीत. मामा तोंडाचा आ करून ऐकत होता. पुढे कळलं की सोनाळ्याच्या पारावर त्यानं ही गोष्ट चार-पाच वेळा सांगितली होती.

दाराखिडकीतून वारा वाहत होता, म्हणून वास नवाला पोचला. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मामाच्या तर येण्याचा प्रश्नच नव्हता.

वैशाखात पेव उघडायचं ठरलं. आदल्या वर्षी त्यातली अर्धी ज्वारी काढून ते पुन्हा लिंपलं होतं, म्हणजे आत अर्धं धान्य आणि वर अर्धी पोकळी. बाबा अंगानं भरलेले, शेजारचे दोघे भाऊ तर त्यांच्याहून दांडगे. उतरायला दरवर्षी मामाच यायचा. काटकुळा होता तो. म्हणायचा, "खाल्लेलं अंगी लागत नाई ते या पेवासाठीच."

सकाळी नारळ फोडला, लिंपण खरवडलं, झाकण बाजूला केलं. आतून कोमट, आंबूस वाफारा आला. बाबांनी सगळ्यांना मागं सारलं. "चला. आता उद्या."

तसंच झालं असतं तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती.

पण दुपारी सातपुड्याच्या बाजूनं आभाळ भरून आलं. वैशाखातलं आभाळ, त्याचा भरवसा नसतो. उघड्या पेवात पाणी गेलं की सगळी ज्वारी काळी पडून सडते. बाबा आभाळाकडे बघत म्हणाले, "झाकून टाकू. आठ दिवसांनं पाहू." घरात चार-सहा दिवसांचं धान्य होतं, कोणी उपाशी मरणार नव्हतं. पण झाकलं की दम पुन्हा आतच, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. आणि मामाला आठ दिवसांनी येता येणार नव्हतं. त्याचा कांदा काढून वावरात उघडा पडला होता. याच आभाळानं त्यालाही घोर लावला होता. सकाळच्या एसटीनं त्याला निघायलाच हवं होतं.

"आजच उतरतो नं मी," मामा म्हणाला. "सकाळपासून उघडंच हाय. गेला असन दम."

"नाई," बाबा म्हणाले. "एक रात्र लागते."

तेव्हा मामा माझ्याकडे वळला. थट्टेनं नाही, खरंच विचारायला वळला. "काऊन मास्तरीणबाई, तुह्यं पुस्तक काय म्हणते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा, माय, शेजारचे दोघे. चौदा-पंधरा वर्षांच्या आयुष्यात मोठ्या माणसांनी माझ्या शब्दासाठी थांबावं असं पहिल्यांदाच होत होतं. मला काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. त्या आनंदाची मला आजही किळस येते.

मी सांगितलं की दम-बिम काही नसतो, तो एक वायू असतो. वायूचे कण मोकळे असतात, वाट मिळाली की निघून जातात. हिंग नवाला पोचला होता, इथे तर सकाळपासून तोंड उघडं आहे. बाबा म्हणाले, "कंदील सोडल्याबिगर नाई." मी म्हटलं, सोडा की.

लांब दोर एकच होता आणि आभाळाच्या घाईत मामानं तो कमरेला गच्च बांधूनही घेतला होता. दोराशिवाय बाबा कोणाला उतरू देत नसत. कंदिलासाठी उरली ती बादलीची तुटकी दोरी, जेमतेम दोन हात. बाबा म्हणाले, "ही काय गळ्याच्या फार खाली जात नाई. शेजारून दुसरी आणतो."

"बाबा, काय गरज आहे?" मी म्हटलं. "वायू सगळीकडून सारखा असतो. गळ्यात जो असेल तोच तळात असेल. इथे कंदील जळला म्हणजे तिथेही जळणारच."

मी हे पुस्तकी भाषेत बोलले, शाळेत बोलतात तशी. तिचाही वचक पडत असावा. बाबांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कंदील सोडला. तो गळ्याखाली लटकला. मी मोठ्यानं शंभर मोजले. ज्योत हललीसुद्धा नाही.

मामानं सदरा काढून मायकडे दिला. कमरेचा दोर ओढून पाहिला. दोन्ही पाय पेवात सोडून काठावर बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सांग मास्तरीणबाई, उतरू का?"

मी म्हटलं, "उतरा मामा."

तो हात वर करून आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "गरम हाय बे लय." पहिली टोपली भरून वर आली. दुसरी टोपली खाली सोडली. आत सुपानं ज्वारी ओढल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. मामा म्हणाला, "भाऊजी, डोकं गरगर करून राह्यलं हो." अगदी सहज म्हणाला. बाबा ओरडले, "वर ये! दोर धर!" आतून काही आलं नाही. सूप पडल्याचा एक आवाज झाला, तेवढाच.

तिघांनी दोर ओढला. दोर कमरेला होता, त्यामुळे मामा मधोमध दुमडला आणि गळ्याखाली आडवा अडकला. हिसका दिला तसा निसटून पुन्हा खाली गेला. माय पेवाच्या काठावर पालथी पडून हाका मारत होती, "भाऊ, ओ दे रे! अरे ओ दे ना रे!" असा आवाज मी तिच्या तोंडून ना आधी ऐकला होता ना नंतर.

बाबांनी धोतर खोचलं. अंग खरवडून का होईना, आता ते उतरणार. शेजारच्यांतला एक म्हणाला, मीही येतो. आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. कोणी शिकवलं नव्हतं, पण कळलं. आत जे होतं ते रुईच्या धुळीसारखं उडून गेलेलं नव्हतं. विहिरीत पाणी बसतं तसं ते पेवाच्या पोटात बसून होतं. मामा त्यात बुडाला होता. आता बाबा उतरले की बाबाही बुडणार, आणि त्यांच्यामागून जो जाईल तोही.

मी पेवाच्या तोंडावर आडवी पडले. "कोणी उतरू नका! उतराल तर मराल!"

बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. ते म्हणाले, "तूच सांगतलं नं उतरा म्हणून? तुह्या पुस्तकानं माणूस मारला माह्या घरचा. हट!"

ते खरंच होतं. पाच मिनिटांपूर्वी याच तोंडानं मी उतरा म्हटलं होतं. आता त्याच तोंडानं उतरू नका म्हणत होते, आणि माझ्यावर विश्वास ठेवावा असं कोणापाशी काही कारण नव्हतं. मायनं माझी वेणी धरून मला ओढलं. केस उपटले गेले, पण मी काठाचा दगड सोडला नाही. मी एकच ओरडत होते, "कंदील सोडा! तळापर्यंत सोडा! मग जा!"

शेजारच्या धाकट्या भावानं ऐकलं. का ऐकलं ते त्यालाच ठाऊक. त्यानं डोक्याचं पटकं सोडून त्या तुटक्या दोरीला बांधलं आणि कंदील आत सोडला. दोरीपर्यंत ज्योत छान जळत होती. पटकं सुरू झालं तशी ती पिवळी पडली, मग बारीक झाली, आणि मामाच्या पाठीच्या जरा वर असताना विझली. कोणी फुंकर मारून विझवावी तशी.

बाबा काठावरच थांबले.

मग त्यांनी मला विचारलं. हे मी कधी विसरणार नाही, त्यांनी मलाच विचारलं, "मंग आता कसं करू?"

मी म्हटलं, दोरी जिथवर आहे तिथवर हवा आहे. मामाला तिथवर ओढून धरा, त्याचं तोंड गळ्यापाशी ठेवा. एकानं वरून उलटं वाकून त्याचे हात वर घ्यावेत. हात वर असले की तो निघेल. बाबांनी श्वास कोंडून घेतला आणि डोकं खाली करून पेवात वाकले. एका भावानं त्यांचे पाय धरले, दुसरा आणि माय दोर ओढून धरत होते. बाबांचे खांदे तोंडाला खरचटले, पण हात खाली पोचले. दोनदा मामाचा हात त्यांच्या हातातून निसटला. घामानं, की भीतीनं, कोण जाणे. तिसऱ्यांदा दोन्ही मनगटं सापडली. मग सगळ्यांनी बाबांनाच पायांनी मागं ओढलं आणि बाबांच्या हातांना धरून मामा बाहेर आला. हात वर, जसा आत गेला होता तसाच.

ओठ निळे पडले होते. नाकात भुसा. तो श्वास घेत नव्हता. मायनं त्याच्या तोंडात बोट घालून भुसा काढला, त्याला उलटा केला, पाठीवर बुक्क्या मारल्या, शिव्या दिल्या, देवाला बोलावलं. मी जवळ गेले तर तिनं मला ढकलून दिलं. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि आपोआप आकडे मोजायला लागले, मघाशी कंदिलासाठी मोजले तसेच. एक्केचाळीसला मामाच्या घशातून घरघर आली. मी तिथंच बसले.

बैलगाडीतून नांदुरा, तिथून मालाच्या ट्रकमधून खामगावचा दवाखाना. चौथ्या दिवशी मामानं डोळे उघडले. मायनं नवस फेडले, मामीनं दवाखान्यात सगळ्यांना साखर वाटली. मीही खाल्ली. आम्हाला वाटलं, सुटलो.

आणि ते आभाळ? आलं तसं गेलं. एक थेंब पडला नाही.

मामा चालायला लागला, जेवायला लागला. पण दिवस उलटले तसं लक्षात आलं की तो आमच्यात परत आलेलाच नाही. मामीला ओळखायचा, पण ती अजून नवी नवरी असल्यासारखं तिच्याशी लाजून बोलायचा. वाफ्यात पाणी सोडून दे म्हटलं की सोडायचा, आणि बंद कर म्हणेपर्यंत तिथंच उभा राहायचा. डॉक्टर म्हणाले, मेंदूला काही वेळ हवा मिळाली नाही. किती वेळ, ते आम्ही सांगू शकलो नाही. मी मात्र तो वेळ आयुष्यभर मोजत आले आहे. मी दगडाला धरून पडले तो वेळ, पटकं बांधलं तो वेळ, ज्योत पिवळी पडून विझेपर्यंतचा वेळ. बाबा तेव्हाच उतरले असते तर? तर कदाचित दोघंही गेले असते. हे मी स्वतःला रोज सांगते आणि रोज ते मला पुरत नाही.

शाळा सुरू झाली तेव्हा मी जाणार नाही म्हणाले. मला वाटलं बाबा सुटकेचा श्वास सोडतील. ते बैलांना चारा टाकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाय. मास्तरले जाऊन इचार, काऊन झालं असं. आता अर्ध्यावर सोडू नको." पेवाच्या दिवशीच्या त्या एका वाक्यानंतर त्यांनी मला कधीच बोल लावला नाही. लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी मास्तरांना विचारलं. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, धान्यसुद्धा श्वास घेतं. बंद पेवात ते हवेतला प्राणवायू संपवतं आणि दुसरा वायू सोडतं. तो हवेपेक्षा जड असतो. त्याचेही कण मोकळे असतात, तेही पसरतात, पण वारा नसला आणि तोंड अरुंद असलं तर सारखं पसरायला त्यांना तास नाही, दिवस लागतात. मी विचारलं, मग एक रात्र पुरली असती का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. म्हणून तर तुझ्या वडिलांचा कंदील." मग हळूच म्हणाले, "जड आणि हलक्या वायूंचा धडा दहावीत आहे, बाळ."

मला बाबांचा राग यायचा तो आठवला आणि माझीच लाज वाटली. त्यांचं कारण मला खुळं वाटत होतं, पण त्यांच्या हातातली दोरी बरोबर लांबीची होती. माझं कारण शिकलेलं होतं, आणि दोरी आखूड. बाबांनी त्याच वर्षी पेवातली सगळी ज्वारी वरूनच, बांबूला टोपली बांधून काढली. आठवडा लागला. मग पेव मुरूम घालून बुजवून टाकलं.

मी मॅट्रिक झाले, पुढे शिकले, आणि खरंच मास्तरीण झाले. वीसेक वर्षं मी नववीला तोच धडा शिकवला. रुई आणि सरकी न्यायचे, आणि एक खोल रांजण न्यायचे, तळाशी दमट ज्वारी घालून दोन दिवस झाकून ठेवलेला. मेणबत्ती तोंडाशी धरायचे, ती जळायची. मग तळापर्यंत सोडायचे. ती विझली की मुलं ओरडायची, त्यांना ती जादू वाटायची. मी वळून फळा पुसत राहायचे.

दर दिवाळीत आणि दर उन्हाळ्यात मी सोनाळ्याला जायचे. मामी मळा एकटीनं करायची. तिनं मला एकदाही काही म्हटलं नाही. ताटात वाढताना माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा मात्र तिनं पुन्हा कधी ठेवला नाही. मामा निंबाखाली बाजेवर बसलेला असायचा. काटकुळाच राहिला तो, केस पांढरे झाले. मी समोर जाऊन बसले की बराच वेळ बघायचा. मग ओळख पटायची. चेहरा उजळायचा, तो तेव्हाचा, चौथ्या दिवशी दवाखान्यात आम्ही ज्याची वाट पाहिली तो. दोन्ही पाय बाजेवरून खाली सोडायचा, कमरेला हात लावून नसलेला दोर ओढून पाहायचा आणि विचारायचा, "सांग मास्तरीणबाई, उतरू का?"

पहिल्या वर्षी मी उठून पळाले होते. मामीनं विहिरीपाशी येऊन मला परत आणलं. म्हणाली, "उत्तर देऊन दे बाई त्याले. उत्तर भेटल्याबिगर तो पाय वर घेत नाई. संध्याकाळलोक तसाच बसून राह्यते."

तेव्हापासून मी देत आले.

"नको मामा," मी म्हणायचे. "आज नको. आज रात्रभर उघडं राहू द्या. उद्या लांब दोरीनं कंदील सोडू, मग उतरा."

"हाव," मामा म्हणायचा. "तू म्हणतं तर बरोबरच असन." आणि पाय वर घेऊन बसायचा.